मागच्या दोन चाकांवर

मी जेसीबी बोलतोय. मला चाकं चार आहेत, पण इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची दोन लहान चाकं नुसती वळतात, आणि मागची ढकलतील तिकडे जातात. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण हे वेळेवर न सांगितल्यामुळे एकदा एका बाईच्या घराची भिंत पडली.

खरं तर जेसीबी हे माझं नावही नाही. माझ्या अंगावर कंपनीचं वेगळंच नाव आहे, पण ते आजवर कोणी वाचलेलं नाही. पुढे बकेट, मागे लांब हात आणि रंग पिवळा असला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्याला जेसीबी म्हणतात. मीही आता तसंच म्हणतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, कारण माझ्या मागोमाग लगेच दुसरा जन्मत होता. एका माणसानं माझा मागचा हात वर-खाली करून बघितला, मान हलवली आणि तो पुढच्याकडे गेला. मग मला एका लांब ट्रेलरवर बांधलं आणि हिंगोलीला आणून गावाबाहेरच्या एका विक्रेत्याच्या अंगणात उभं केलं.

तिथे माझ्या शेजारी एक फोर बाय फोर उभा होता. म्हणजे त्याची चारही चाकं जोर लावायची. त्याची पुढची चाकं माझ्यापेक्षा मोठी होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याकडे जायचं, टायरला लाथ मारायचं आणि मग माझ्याकडे बघून विचारायचं, "ह्याचा भाव कमी का?" टायरला लाथ मारल्यानं माणसाला नेमकं काय कळतं, हे मला अजून समजलेलं नाही. पण लाथ मारल्याशिवाय कोणी मशीन घेत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

एक दिवस किसनराव आले. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे शेतकरी. त्यांच्या बरोबर त्यांची बायको चतुराबाई, मुलगा मुन्ना आणि गावाशेजारच्या तांड्यावरचा सुदाम असे तिघं होते. सुदामनं दुसऱ्यांची मशीनं बरीच वर्षं चालवली होती. किसनरावांनी मशीन घेतलं तर ते तोच चालवणार होता.

किसनरावांचं रान माळाचं होतं. मुरूम, उतार आणि धोंडे. उतार सपाट करायचा होता, बांध घालायचे होते, शेततळं खोदायचं होतं आणि वावरापर्यंत गाडीवाट करायची होती. दरवर्षी भाड्याचं मशीन सांगायचं, आणि ते यायचं तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असायची. म्हणून त्यांनी घरचंच मशीन घ्यायचं ठरवलं होतं. फक्त कोणतं, ते ठरलं नव्हतं.

"आबा, घ्यायचा तर फोर बाय फोर," मुन्ना म्हणाला. "चिखल बघत न्हाई, पाणी बघत न्हाई. कुठंबी जातंय."

"आपल्याकडं पाणी हायच कुठं?" किसनराव म्हणाले.

विक्रेता म्हणाला, "साहेब, दोन्ही चांगले आहेत." हे वाक्य तो प्रत्येकाला सांगायचा. ते खरं होतं आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

किसनरावांनी सुदामकडे बघितलं. सुदाम म्हणाला, "मालक, मुरमाडावर दोन चाकं पुरतात. पावसाळ्यात काळ्या रानात शिरायचं असंल, न्हाईतर ओल्या उतारावर भरली बकेट घेऊन चढायचं असंल, तर चार पाहिजेत. पण मग पुढच्या चाकाच्या दुरुस्त्या बी येतात मागं."

तोवर चतुराबाई आम्हा दोघांभोवती फिरून आल्या होत्या. लाथ न मारणारं पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी सुदामला विचारलं, "आपल्या दोन बांधांमधल्या पट्टीत ह्यो वळंल का?"

"ह्यो एका दमात वळंल, काकू. त्यो बी वळंल, पण मागं-पुढं करत."

"आन् पावसाळ्यात आपल्या वावरात काय काम असतंय ह्याला?"

"काय न्हाई. उभं ऱ्हातंय."

"मग उभं ऱ्हायाला चार चाकं कशाला?"

विक्रेत्यानं माझे कागद काढायला घेतले. मुन्ना मात्र म्हणाला, "माय, भाड्यानं बी जाणार हाय ना मशीन! सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलपट्ट्यात लई काम असतंय. तिकडं सगळी काळी रानं हायत."

"तिकडचं काम तिकडचे करतील," चतुराबाई म्हणाल्या, आणि माझं साखऱ्याला जायचं ठरलं.

मुन्ना माझ्याबरोबर आला नाही. तो जीपनं घरी गेला. साखऱ्यात पोचल्यावर चतुराबाईंनी मला ओवाळलं, माझ्या पुढच्या बकेटवर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा लिव्हरपाशी ठेवला. मुन्नानं हार घातला, पण माझ्याकडे न बघता. फोर बाय फोर कोणत्या गावाला गेला, ते मला पुढे कधी कळलं नाही.

साखऱ्यातले माझे दिवस चांगले गेले. सकाळी सुदाम यायचा, डबा केबिनमध्ये अडकवायचा आणि आम्ही कामाला लागायचो. मी धोंडे उपटले, ते बांधावर नेऊन रचले. उतार कापून पट्ट्या केल्या. चतुराबाई डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसायच्या आणि कोणता धोंडा कुठे ठेवायचा ते हातानं दाखवायच्या. माझ्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून त्या न बोलताच काम करून घ्यायला शिकल्या. पुढे पुढे घरातही त्या तसंच करतात, असं किसनराव सुदामला सांगत होते.

शेततळं खोदलं तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. माणसांना खोदताना बघायला आवडतं. मोटारसायकलवरून जाणारा माणूस थांबतो, एक पाय खाली टेकवतो आणि बघत राहतो. आधी मला वाटायचं, याचं माझ्याकडे काही काम असेल. नसतं. खड्ड्यातून मातीच निघणार, हे त्यालाही माहीत असतं. तरी पुढची बकेट वर येईपर्यंत तो थांबतो, आणि ती आली की तिच्यापुढची येईपर्यंत.

घरचं काम उरकलं की मुन्ना मला भाड्यानं न्यायचा. सेनगावात पाया, सेप्टिक टँक, पाइपलाइनची चर. कामं सरळ होती आणि जमीन कोरडी होती. माझी कुठे अडचण झाली नाही. अडचण झाली ती चहाच्या टपरीवर. तिथे मशीनवाले जमायचे आणि एकमेकांच्या मशीनची चौकशी करायचे. "तुझा फोर बाय फोर हाय का?" असं कोणी विचारलं की मुन्ना चहा फुंकत बसायचा. चहा गार झालेला असला तरी.

एक दिवस त्यानं मला रेडियमच्या दुकानासमोर उभं केलं. दुकानदारानं माझ्या केबिनच्या दोन्ही बाजूंना तांबड्या रेडियमचे आकडे चिकटवले. इंग्रजी चार, मध्ये फुली, परत इंग्रजी चार. फुलीला त्यानं विजेसारखे टोकदार कोपरे काढले होते. दिसायला छान होतं.

सुदामनं ते बघितलं. "मुन्नाभाऊ, हे काहून लिवलं?"

"जाहिरात हाय."

"पण ह्याचं पुढचं चाक तं—"

"तुला कोणी विचारलं का?"

त्या संध्याकाळी घरी चतुराबाईंनीही विचारलं, "काय लिवलंय रे हे?"

"महादेवाचं नाव हाय, माय. नव्या फॅशनीतलं."

चतुराबाईंनी जरा वेळ त्या आकड्यांकडे बघितलं. मग आत गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि दोन्ही चारांना हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लावायला लागल्या. मी गपचूप उभा राहायचो. माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता.

रेडियम लागल्यावर मुन्ना माझ्याशी नीट वागायला लागला. स्वतःच्या हातानं मला धुवायचा. काचा पुसायचा. हे त्याचं वागणं माझ्यासाठी नव्हतं, त्या आकड्यांसाठी होतं, हे मला समजत होतं. तरी अंगावर पाणी पडलं की बरं वाटायचं.

मग तो पावसाळा आला. पोळा होऊन गेला होता आणि सोयाबीन शेंगांनी भरलं होतं. मुन्नानं मला औंढ्याकडे एका घराच्या पायासाठी नेलं होतं, आणि तिथे पाऊस लागला तो थांबेचना. पायाच्या चरीत पाणी भरलं. घरमालकानं काम थांबवलं. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला एका टपरीशेजारी उभे राहिलो. मुन्ना आणि सुदाम टपरीत, मी बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगा मोटारसायकलवरून आला. नखशिखांत भिजलेला. त्याचं नाव स्वप्निल. धरणाच्या खालच्या अंगाला एक तांडा आहे, तिथला तो. तांड्याशेजारून नाला जातो. त्यावरच्या नळ्यांच्या पुलात एक उन्मळलेली बाभूळ येऊन अडकली होती, तिच्यावर गाळ आणि काडीकचरा साचला होता आणि नाल्याचं पाणी तांड्यात वळलं होतं. खालच्या ओळीतल्या घरांत गुडघाभर पाणी होतं आणि चढत होतं.

"भाऊ, ह्यो फोर बाय फोर हाय ना?" त्यानं माझ्या केबिनकडे बोट दाखवत विचारलं. "पुलापातूर काळं रान हाय. साधं मशीन फसून राहील."

मुन्नानं माझ्याकडे बघितलं. मग त्या पोराकडे. टपरीत दोन-तीन मशीनवाले बसलेले होते.

"व्हय," मुन्ना म्हणाला.

"मंग बरं झालं. दुसरा एक फोर बाय फोर सांगितला व्हता, पण त्यो लांब हाय. त्याला नको मनून सांगतो." आणि स्वप्निलनं आमच्यासमोर फोन लावून त्या मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

सुदाम म्हणाला, "मुन्नाभाऊ—"

"चल तू," मुन्ना म्हणाला. "जवळच हाय. जमून जाईल."

मला हॉर्न आहे, पण तो वाजवणं माझ्या हातात नाही. सुदामनं मला सुरू केलं आणि आम्ही निघालो.

तांडा उंचवट्यावर होता, पण खालची एक ओळ नाल्याच्या बाजूला उतरलेली होती. त्यातलं अगदी शेवटचं मातीच्या भिंतींचं घर जिवनबाईचं. पाणी आधी तिच्याकडे आलं होतं. तिचा नवरा लखमा दोन वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडला होता, तेव्हापासून त्याला उठता येत नव्हतं. लोकांनी त्याला बाजेसकट उचलून वरच्या मंदिरात नेऊन ठेवलं होतं. जिवनबाई भांडी आणि गोधड्या वर नेत होती. तुरीची पोती मात्र भिजली होती, आणि भिजलेलं पोतं तिला उचलत नव्हतं.

रस्त्यापासून पुलापर्यंत सोयाबीनचं वावर होतं. सुदाम खाली उतरला, मातीत टाच रोवून बघितली आणि टाच बाहेर काढायला त्याला दोन्ही हातांनी पाय ओढावा लागला. तो परत वर चढला. मुन्नाकडे त्यानं बघितलं नाही.

मी वावरात शिरलो. थोडा वेळ गेलो. मग माझी पुढची लहान चाकं नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसली आणि मागची जागच्या जागी गरगर फिरायला लागली. जितकी फिरली तितकी खाली गेली. काळी माती अशी असते की ती चाकाला धरते आणि चाकाबरोबर फिरत राहते. शेवटी माझं पोट चिखलाला लागलं. सुदामनं गियर काढला.

लोक पाण्यातून आमच्याकडे आले. स्वप्निल ओरडला, "चारी चाकं लाव की, भाऊ! चारी लाव!"

स्टिअरिंगवर हात ठेवून सुदाम समोर बघत बसला. मुन्ना माझ्या पायरीवर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं.

"न्हाईत," तो म्हणाला.

"काय न्हाईत?"

"चार न्हाईत. दोनच फिरतात. ते नुसतं लिवलेलं हाय."

पावसाचा आवाज चालू होता. जिवनबाई डोक्यावर खताची रिकामी गोणी पांघरून तिथे उभी होती. तिनं माझ्या केबिनवरच्या तांबड्या आकड्यांकडे बघितलं आणि मुन्नाला विचारलं, "मंग लिवलं काहून?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

स्वप्निलनं परत फोन लावला. दुसरं मशीन तोवर दुसऱ्या गावाला गेलं होतं आणि आज येऊ शकत नव्हतं. तो फोनवर बोलत असतानाच मागून एक आवाज आला. ओलं पोतं उंचावरून जमिनीवर टाकावं, तसा. सगळे वळले. जिवनबाई वळली नाही.

"पडली," ती म्हणाली.

तिच्या घराची मागची भिंत होती.

सुदाम केबिनमध्ये उठला. आमच्या केबिनमध्ये खुर्ची फिरवून मागे तोंड करून बसता येतं. मागचा हात चालवायचा तर तसंच बसावं लागतं. तो मागे तोंड करून बसला, पायरीवरच्या मुन्नाला म्हणाला, "पऱ्हाट्या, तुराट्या, पत्रे, जे असंल ते आणा आन् चाकाखाली टाका," आणि माझा हात खाली घेतला.

सिद्धेश्वरच्या पाण्यात मासे धरणारे लोक लांब बांबू तळाला रोवतात आणि होडी पुढे रेटतात. सुदामनं माझ्या हाताचा तसा बांबू केला. मागची बकेट माझ्या अगदी जवळ जमिनीत रोवायची आणि हात लांबवायचा, म्हणजे मी तेवढा पुढे सरकणार. पुढची बकेट खाली दाबायची, म्हणजे माझं तोंड वर उचललं जाणार आणि पुढच्या चाकांखाली काहीतरी सारता येणार. मी लंगडत चाललो होतो असं म्हणता येईल. चालत होतो हे महत्त्वाचं.

तांड्यातल्या बायका-माणसांनी घराघरातून जळणाला ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणल्या. मुन्ना कमरेपर्यंत चिखलात होता. मोळी घ्यायचा, चाकाखाली कोंबायचा, बाजूला व्हायचा, मी सरकलो की चिखलात रुतलेली मोळी उपसून पुन्हा पुढे आणायचा. एकदा तो पडला. त्याला उठवायला कोणी गेलं नाही. तो आपला आपण उठला.

पऱ्हाट्या संपत आल्या तेव्हा जिवनबाई पाण्यातून एक पत्रा ओढत आली. तिच्याच घराचा होता.

"याडी, तो राहू दे," सुदाम केबिनमधून म्हणाला. तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

"पडलंच हाय तं कामाला तरी येऊ दे," ती म्हणाली. मुन्नानं पुढे होऊन पत्र्याचं एक टोक धरलं, दुसरं तिनं. दोघांनी मिळून तो माझ्या उजव्या मागच्या चाकाखाली घातला. मी त्याच्यावरून गेलो तेव्हा तो दुमडल्याचा आवाज झाला. तो आवाज मला आवडला नाही.

उजेड असतानाच आम्ही पुलाशी पोचलो. तिथली जमीन मुरमाची होती. सुदामनं माझे मागचे दोन पाय टेकवले, त्यांना जॅक म्हणतात, आणि मी कामाला लागलो. हे काम मला येतं. बाभळीचं खोड मी बकेटच्या दातांत धरून ओढलं, ते निघालं, मग गाळ, मग आणखी गाळ. एक नळी मोकळी झाली आणि पाणी तिच्यातून आवाज करत निघालं. मग दुसरी. तांड्यातलं पाणी थांबलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग उतरायला लागलं. ओळीतली बाकीची घरं वाचली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं सुदामला चहा आणून दिला. थोड्या वेळानं तिनं मुन्नालाही दिला.

रान वाळेपर्यंत मला तिथेच राहावं लागलं. मी साखऱ्याला परत आलो तेव्हा मुन्नानं घरात सगळं सांगून टाकलेलं होतं. अंगणात किसनराव बसले होते, ते माझ्याकडे बघून आत गेले. चतुराबाई बाहेर आल्या. हातात करंडा नव्हता, खुरपं होतं. ते त्यांनी मुन्नाला दिलं.

मुन्ना रेडियम खरवडायला लागला. चतुराबाई बघत उभ्या राहिल्या.

"मला चाराचा आकडा वाचता येतो," त्या म्हणाल्या. "इंग्रजीतला बी. मोबाइलवर तुला फोन लावते ती काय डोळे मिटून?"

मुन्नाचा हात थांबला. "मंग कुंकू काहून लावत व्हतीस, माय?"

"तू महादेवाचं नाव घेऊन खोटं बोललास. मनलं, त्यालाच सांभाळू दे. त्यानं न्हाई सांभाळलं." त्यांनी खाली पडलेला रेडियमचा तुकडा उचलला. "बराबर केलं त्यानं. त्या बाईला तकलीफ झाली तेवढी मात्र माझ्या माथी हाय. मी तेव्हाच बोलाया पाहिजे व्हतं."

त्या बाईचं घर आपण उभं करून द्यायचं, असं त्या दिवशी घरात ठरलं. सुगी उरकली, रानं वाळली, आणि मुन्ना, सुदाम आणि मी परत त्या तांड्यावर गेलो. ज्या वावरात मी पोटापर्यंत फसलो होतो, ते आता दगडासारखं कडक झालं होतं. पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी त्याच्यावरून सरळ गेलो. तीच माती आणि तीच दोन चाकं.

जवळच्या टेकाडावरून मुरूम आणून आम्ही जिवनबाईच्या घराचं जोतं उंच केलं, चांगलं छातीएवढं. मग ओळीतल्या बाकीच्या घरांभोवतीही मुरमाची भर घातली. नाल्याचं पात्र रुंद केलं. तांड्यातल्या लोकांनी जोत्यावर जिवनबाईच्या भिंती नव्यानं उभ्या केल्या. नवे पत्रे मुन्नानं स्वतः चढवले. एक पत्रा वाकडा बसला. तो जिवनबाईनं त्याच्याकडून परत काढून लावून घेतला.

काम संपायच्या सुमारास चतुराबाई जीपनं आल्या. येताना तुरीची डाळ आणली होती. दोघी बायका नव्या जोत्याच्या सावलीत डाळ निवडत बसल्या.

"तुमचं पोरगं व्हय हे?" जिवनबाईनं विचारलं.

"व्हय."

"कामाला बरं हाय."

"आता हाय," चतुराबाई म्हणाल्या.

पायऱ्या अजून बांधायच्या होत्या, म्हणून लखमाला घरात कसं न्यायचं हा प्रश्न आला. बाज एवढ्या उंचावर चढवायची म्हणजे तिरपी होणार, आणि तिरपं केलं की त्याचं कंबरडं दुखायचं. तो म्हणाला, "त्या सुपात घाला मला." सूप म्हणजे माझी पुढची बकेट.

बकेटमध्ये माणसं उचलू नयेत, असं माझ्या काचेवर लिहिलेलं आहे. सुदामनं ते बोट दाखवून त्याला वाचून दाखवलं. लखमा म्हणाला, "लिवलेलं लई बघितलं आमी." यावर मुन्ना खाली बघायला लागला, आणि सुदामनं बकेट जमिनीला टेकवली. तिच्यात गोधडी अंथरली. दोघांनी लखमाला उचलून त्यात बसवलं. जिवनबाईनं त्याच्या पाठीशी उशी दिली आणि म्हणाली, "धरून बस."

सुदामनं मला इतकं हळू कधी चालवलं नव्हतं. मी उचलत गेलो. जोत्याच्या उंचीला आलो तेव्हा लखमा म्हणाला, "थांबू नको. आनखी."

सुदामनं जिवनबाईकडे बघितलं. तिनं मान हलवली. मी आणखी उचललं. पत्र्याच्या वर, शेजारच्या घरांच्या वर. दोन वर्षं त्या माणसानं दारातून दिसेल तेवढंच बघितलं होतं. आता त्याला सगळा तांडा दिसत होता, कॅनॉल दिसत होता, पलीकडे धरणाची भिंत दिसत होती.

"वसरामनं गहू पेरला व्हय रे?" तो वरून ओरडला.

"पेरला," खालून कोणीतरी म्हणालं.

"पातळ पडलाय."

मग तो वरूनच एकेकाच्या वावराबद्दल बोलत राहिला. कोणाचा हरभरा बरा आहे, कोणी धुरा, म्हणजे वावराचा बांध, सरकवला आहे. ज्यांनी धुरा सरकवला होता ते खाली उभे होते. जिवनबाई एक हात कपाळावर धरून वर बघत होती. लोक मोटारसायकली थांबवून एक पाय टेकून बघत उभे राहिले, आणि त्या वेळी मला त्यांचं बघणं समजलं. मी त्याला तसाच धरून राहिलो. बकेट उचलणाऱ्या माझ्या तेलाच्या नळ्या तेव्हाही जुन्या होत होत्या, पण बकेट बोटभरही खाली आली नाही.

आता नळ्या खरंच जुन्या झाल्या आहेत. भरली बकेट वर धरली तर ती आपोआप हळूहळू खाली येते. दात झिजलेत, एका बाजूची काच नाही, खुर्चीचा फोम उंदरांनी नेला. मुन्नानं पुढे फोर बाय फोर घेतलाच. तो कॅनॉलपट्ट्यात असतो आणि तिथे तोच लागतो. चतुराबाईंनी त्यालाही नारळ फोडला. मागच्या पावसाळ्यात तोही फसला. चारही चाकं चालत असल्यामुळे तो माझ्यापेक्षा बराच आत जाऊन फसला. त्याला काढायला साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं पोकलेन मागवावं लागलं. मला यात आनंद झाला असं कोणाला वाटेल. थोडा झाला.

मी साखऱ्यातच असतो, मुरमावर. वर्षातून काही महिने काम, बाकी वेळ शेवग्याखाली उभा.

तुम्ही मशीन घ्यायला जाल तर एवढं माझं ऐका. दोन चाकांचं की चार चाकांचं, हे मशीनला विचारू नका, आणि आम्हाला विकणाऱ्यालाही नको. आपल्या रानात पावसाळ्यात एकदा उघड्या पायानं उभे राहा. पाय सहज निघाला तर माझ्यासारखा न्या. नाही निघाला तर त्याच्यासारखा न्या. आणि जो न्याल तो काय आहे, ते लोकांना खरं सांगा. आम्हाला त्याची लाज वाटत नाही.

आज शेततळ्यातला गाळ काढायचा आहे. चतुराबाई केव्हाच बांधावर जाऊन बसल्या आहेत. सुदाम आला. त्यानं डबा केबिनमध्ये अडकवला, तेल बघितलं. आता तो मला सुरू करील, आणि मग माझ्याच आवाजात तुम्हाला माझं काही ऐकू येणार नाही.